एक पायरी उतरवून

इंग्लिशवहिनीकडे आर्जवाची पाच मापं होती. माणूस आणि नड बघून ती माप लावायची.

लाँड्री मोठी. दोन हॉस्पिटलांच्या आणि चार हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे झगे तिथे धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन बाहेर पडत. मालक लोक बसत दुसऱ्या शहरातल्या हेडऑफिसात, आणि तिथे इंग्रजीशिवाय दुसऱ्या कुठल्या भाषेतला मेल कुणी उघडत नसे. शाखेत इंग्रजी लिहिणारी ही एकटी. साहेबांनाही येत होतं म्हणा, पण त्यांचं इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’पासून निघून ‘ओके ओके’पर्यंत पोचताना दमायचं. त्यामुळे साबण संपला, नळ गळला, गाडीचं चाक बसलं, कुणाला रजा हवी, सगळ्यांची रडगाणी हिच्या टेबलावर येत आणि ही त्यांना कोट-टाय घालून पाठवी.

साध्या कामाला ‘काइंडली’ पुरायचं. पंधरा दिवस उत्तर नाही आलं की ‘अर्जंट’. त्यावरही वरचे लोक ढिम्म राहिले की ‘मोस्ट अर्जंट’. चौथ्या मापात ‘हात जोडून’चं इंग्रजी यायचं आणि सहीच्या आधी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक’. पाचवं माप ती कपाटातल्या चांगल्या कपबशांसारखं जपून ठेवायची. त्यात ‘जिवाला धोका’ असे शब्द होते.

हे सगळं ती एका निळ्या वहीत टिपून ठेवी. मेल कधी गेला, कशाबद्दल, कुठलं माप, उत्तर किती दिवसांनी. अकरा वर्षांची वही. कुणी सांगितलं नव्हतं, पण एखाद्या गोष्टीला किती दिवस लागले हे लिहून ठेवल्याशिवाय तिला झोप यायची नाही. नवरा म्हणायचा, ‘तुझ्या वहीत माझंही एक पान असेल.’ होतं. पण ते वेगळ्या वहीत.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला तिचा दीर तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, तेव्हाच तिला काहीतरी बिनसल्याचं कळलं. दीर लाँड्रीचा बॉयलर सांभाळायचा. एरवी तो दारातूनच ‘काय मॅडम, आज कुणाला प्लीज करताय?’ असं ओरडत यायचा. आज तो हातातलं फडकं पिळत उभा.

“काय झालं, भावजी?”

“वहिनी, आज पुन्हा नाही उडाला.”

“काय नाही उडालं?”

“सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेवर आला की त्याने आपणहून उघडून वाफ सोडायची असते, शिट्टी मारत. सातावर रेघ आहे. काल संध्याकाळी काटा साताच्या पुढे गेला, हा मख्ख. आज नऊ वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मी बर्नर बारीक केला आणि दुसरी नळी हाताने उघडून वाफ घालवली. पण मी तिथे उभा होतो म्हणून. उद्या मी लघवीला गेलो तर?”

तो हे हसत बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

व्हॉल्व्हला गंज चढल्याचं दिराने सांगितल्यापासून तिने त्याबद्दल आधीच तीन मेल पाठवले होते. एक अकरा दिवसांपूर्वी ‘अर्जंट’, एक सहा दिवसांपूर्वी ‘मोस्ट अर्जंट’, एक परवा, हात जोडून. तिन्हींच्या पुढे वहीतला शेवटचा रकाना कोरा.

“मग बंदच करा ना तो.”

“बंद करा म्हणे!” दिराने साहेबांच्या उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे हनुवटी केली. तिथे साहेबांच्या खुर्चीमागे हेडऑफिसचा हुकूम फ्रेम करून लावला होता. लेखी परवानगीशिवाय बॉयलर थांबवायचा नाही. तसाच एक कागद बॉयलरच्या खोलीतही खिळ्याला टांगला होता. “माझ्या आधीच्या म्हाताऱ्याने एकदा आपल्या मनाने थांबवला होता. हॉस्पिटलच्या चादरी अडकल्या. तिसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं. मला दोन पोरी आहेत, वहिनी. लेखी आणून द्या, लगेच बंद करतो.”

साहेब आतून आले. सगळं ऐकलेलं होतं, पण ऐकलं नाही असा चेहरा करून त्यांनी विचारलं, “काय मीटिंग चाललीय?”

तिने सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. चारला गाडी निघायची होती, दोन्ही हॉस्पिटलांचा माल घेऊन.

“चौथा मेल टाका की मग. जरा जोरात लिहा. ‘व्हेरी’ दोनदा घाला.”

“साहेब, तुम्ही तोंडी सांगून आत्तापुरता थांबवला तर…”

“मी?” साहेबांचा हात आपोआप छातीवर गेला. “मी कोण सांगणारा? वरचे सांगतील. आपण कळवायचं. कळवलं की आपलं काम झालं.” आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. चांगली उंच पाठीची, चाकांची खुर्ची होती.

दीर गेला. तिने फोन उचलून हेडऑफिसला लावला. तिथे मेल उघडून योग्य त्या टेबलावर सरकवणारी एक बाई होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर अकरा वर्षांची ओळख.

“अगं बाई, आमचे व्हॉल्व्हचे तीन मेल आलेत. कुठं बसलेत ते?”

“थांब, बघते.” पलीकडे टकटक झाली. “आहेत. दोन ‘साधारण’च्या ढिगात, एक ‘सवडीने’त.”

“सवडीने? मी ‘मोस्ट अर्जंट’ लिहिलंय!”

“अगं, ‘मोस्ट अर्जंट’ आज सकाळपासून एकशेचाळीस आलेत. कुणाला पंखा हवाय, कुणाला कॅलेंडर. आणि खरं सांगू? रागावू नकोस. तुमच्या शाखेचं आम्ही एक पायरी उतरवूनच वाचतो.”

“म्हणजे?”

“त्या खुर्चीपासून. विसरलीस? ‘जिवाला धोका’ असं आलं म्हणून इथून इंजिनीअर पाठवला धावत. तो आला तर साहेबांच्या खुर्चीचं एक चाक हलतंय! तेव्हापासून सरांनी सांगून ठेवलंय, त्या शाखेचं रडणं एक पायरी उतरवा.”

“मग तू आत्ता जाऊन सरांना तोंडी सांग ना.”

“तोंडी ते ऐकत नाहीत गं. लेखी दे.”

फोन ठेवून तिने वहीत खुर्चीची नोंद काढली. खुर्चीचा मेल तिचाच होता. साहेब महिनाभर मागे लागले होते आणि तिने वैतागून, थोडंसं मजेतही, कपाटातली कपबशी काढून दिली होती. खुर्ची चार दिवसांत आली होती. वहीत तिने शेजारी हसरा चेहरा काढला होता. फक्त खुर्चीच नाही. मोठे साहेब येणार म्हणून टॉवेलांना ‘इमिजिएट’, खिडकीच्या पडद्याला ‘असह्य त्रास’, साहेबांच्या भाच्याच्या नोकरीला ‘शेवटची आशा’. सगळे शब्द तिनेच वाटून टाकले होते, आणि आता घरच्या माणसाची वेळ आली तर डबा रिकामा.

“जाऊबाई, चहा आहे का हो तुमच्याकडे? आमचा थर्मास संपला.”

दारात धाकटी होती, दिराची बायको. ती इस्त्रीच्या खोलीत काम करायची, आणखी सहा बायकांबरोबर. त्या खोलीची मागची भिंत आणि बॉयलरची भिंत एकच. थंडीत बायका त्या भिंतीला पाठ लावून डबे खात.

“तुमचे दीर सकाळपासून तोंड पाडून हिंडतायत,” धाकटी थर्मासमध्ये चहा ओतून घेत म्हणाली. “मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, काही नाही. या माणसाचं ‘काही नाही’ म्हणजे काहीतरी नक्कीच. तुम्हाला काही बोलले का?”

वहिनीच्या तोंडावर आलं होतं. पण सांगून काय होणार? सातही बायका काम सोडून बाहेर आल्या तर सातही घरी बसतील.

“आज भिंतीपासून लांब बसा,” ती म्हणाली.

“का?”

“रंग निघतोय म्हणे. साड्यांना लागेल.”

“आमच्या साड्यांना रंग लागला तर बऱ्याच दिसतील,” धाकटी म्हणाली आणि गेली. पण दारातून तिने मागे वळून एकदा पाहिलं.

वहिनी उठली आणि बॉयलरच्या खोलीकडे निघाली. अकरा वर्षं तिने या खोलीबद्दल इंग्रजीत लिहिलं होतं. आत पाऊल टाकलं होतं दोनदाच, दोन्ही वेळा पूजेच्या प्रसादासारखी काहीतरी मिठाई वाटायला. दार उघडताच अंगावर ऊन ऊन हवा आली. दीर काट्यासमोर स्टूल टाकून बसला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

“बघा आता,” तो म्हणाला. “वाळवणीची यंत्रं आत्ताच थांबली, वाफ घेणारं कुणी नाही. चढेल.”

काटा चढत होता. सहा पूर्णांक आठ. मग सात, लाल रेघेवर टेकून. वर पितळी व्हॉल्व्ह, डोक्यावर गंज धरलेला, तोंड मिटून बसलेला. रेघ काट्याच्या मागे गेली. कुठेतरी लोखंड कुरकुरलं, घरात रात्री कपाट वाजतं तसं.

“भावजी.”

“थांबा.”

काटा साडेसाताला भिडला तेव्हा त्याने उठून बर्नर बारीक केला आणि हाताच्या चाकाने नळी उघडली. बाहेर वाफ फुसकारली. काटा कुरकुरत खाली यायला लागला. दिराच्या मानेवरून घामाची धार सदऱ्यात उतरत होती.

“किती वेळा केलंत हे आज?”

“ही चौथी. नऊ वाजून दहाचं तेवढं तुम्हाला सांगितलं.” मग तो जरा हसला. “तुमच्या इंग्रजीत कसं लिहिता हो हे? ‘कुरकुरतंय’?”

ती परत आली. भिंतीशेजारून जाताना तिने सहज तळहात टेकवला. गरम होती. रोजच गरम असते, पण आज तिला हात काढावासा वाटला.

टेबलावर बसून तिने चौथा मेल लिहिला. पाचवं माप पुरं ओतलं. जिवाला धोका, सात स्त्रिया, लहान मुली, हात जोडून, पाया पडून. लिहून झाल्यावर वाचलं, आणि वाचता वाचता तिला साहेबांची खुर्ची दिसायला लागली. शब्द तेच. ओळींचा क्रमसुद्धा तोच. पायरी उतरवता उतरवता हा ‘मोस्ट अर्जंट’च्या एकशेचाळिसात जाऊन बसेल, एकशेएक्केचाळिसावा.

तिने तो पाठवला नाही. निळी वही उघडली.

अकरा वर्षांत तिने ही वही पुढून मागे लिहिली होती, पण शेवटचा रकाना एका दमात वरून खाली कधी वाचला नव्हता. आता वाचला. ‘काइंडली’ला सरासरी वीस दिवस. ‘अर्जंट’ला तेवीस. ‘मोस्ट अर्जंट’ला एकतीस! म्हणजे, ती खुर्ची सोडली तर, जितकं जास्त रडावं तितके दिवस वाढत होते, आणि ती मात्र दरवेळी आणखी एक पायरी चढत राहिली होती. मग तिने बोट ठेवून उलटा शोध सुरू केला. सगळ्यात कमी वेळ कशाला लागला? दिवसांच्या रकान्यात कुठेकुठे ‘त्याच दिवशी’ होतं. एक, दोन, तीन. आणि एका ठिकाणी चक्क ‘पस्तीस मिनिटं’.

तो मेल तिला आठवला. जुनी गाडी भंगारात द्यायची होती आणि कागदावर हेडऑफिसच्या कुणाची तरी सही लागत होती. तिने फक्त विचारलं होतं, सही कोण करणार, त्यांचं नाव आणि हुद्दा कळवा. ‘प्लीज’सुद्धा राहून गेलं होतं. घाईत होती. बाकीचे दोन-तीन मेलही तसलेच निघाले. कुणाच्या नावावर? कोण जबाबदार? कुणाची सही? या प्रश्नांना तिथले लोक जागचे उठत होते. विनंतीला कुणी बांधलेलं नसतं. नावाला मात्र माणूस बांधला जातो, आणि बांधलं जायचं म्हटलं की तिथे धावपळ होते.

पण मग प्रश्न असा होता की विचारायचं काय? ‘बॉयलर बंद करू का’ असं विचारलं तर ती परत विनंतीच. ते म्हणतील, विचार करून कळवू. विचारायचं तर ‘चालू कोण करणार’ हे. आणि त्याआधी तो बंद असायला हवा.

सव्वाअकरा झाले होते. ती साहेबांच्या दाराशी गेली.

“साहेब, बॉयलर बंद करायला सांगताय का?”

“मी सांगितलं ना, वरून…”

“हो किंवा नाही, एवढंच.”

“वहिनी, चारची गाडी…”

ती वळली. ड्रॉवरमधून एक कोरी चिठ्ठी काढली. आपली वही सोडली तर या टेबलावर तिने मराठीत कधी एक ओळ लिहिली नव्हती. पेन उचलल्यावर हाताला जरा परकं वाटलं. तिने लिहिलं:

‘भावजी, बॉयलर आत्ता बंद करा. मी सांगते आहे. जबाबदारी माझी.’

खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ. आजवर तिची सही नेहमी ‘साहेबांकरिता’ असायची.

दिराने चिठ्ठी वाचली. मग तिच्याकडे बघितलं.

“वहिनी, हे लिहून तुमची नोकरी जाईल.”

“तुम्हाला लेखी हवं होतं ना? हे लेखी आहे.”

“पण दादाला काय सांगाल?”

“दादांना मी बघते. तुम्ही चाक फिरवा.”

त्याने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि बर्नर बंद केला. इतकी वर्षं सतत घुमणारा आवाज थांबला तेव्हा सगळ्या इमारतीला कानठळ्या बसल्यासारखं झालं.

ती धावतच टेबलाशी आली. इंग्रजीत पाच वाक्यं लिहिली. अकरा वीसला माझ्या सांगण्यावरून बॉयलर थांबवला आहे. काल संध्याकाळपासून पाच वेळा दाब लाल रेघेच्या वर गेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकदाही उघडला नाही. आज हॉस्पिटलचा माल चारला निघणार नाही. या व्हॉल्व्हसह बॉयलर पुन्हा चालू करावा असं ज्या अधिकाऱ्याचं मत असेल त्याचं नाव, हुद्दा आणि सही पाठवा. नाव येईपर्यंत बॉयलर बंद राहील.

विषयात लिहिलं, ‘नाव हवे’. ‘अर्जंट’ नाही, ‘प्लीज’ नाही, ‘आपला आज्ञाधारक’ नाही. वाचून तिलाच थंडी वाजली. असं उघडंबोडकं इंग्रजी तिने जन्मात लिहिलं नव्हतं. तिने बटण दाबलं आणि घड्याळाकडे पाहिलं. अकरा सव्वीस.

पहिल्या पाच मिनिटांत इस्त्रीच्या बायका बाहेर आल्या. इस्त्र्या थंड पडत होत्या. धाकटी पुढे.

“जाऊबाई, रंग वाळायला ठेवलाय वाटतं?” तिचा आवाज चढा होता, पण डोळे नवऱ्याला शोधत होते. तो वाफ ओसरायची वाट बघत खोलीच्या दारात उभा दिसला तेव्हा ती एकदम खाली पायरीवरच बसली.

साहेब बाहेर आले ते लालबुंद. “कुणी थांबवला?”

“मी.”

“तुम्ही कोण?”

“टायपिस्ट,” ती म्हणाली. ती टेबलाला टेकून उभी राहिली.

“मी तुम्हाला आजच्या आज…” साहेब म्हणाले. “माझा यात काही संबंध नाही, हे मी आत्ताच लेखी कळवतो.” आणि ते कळवायला बसले. पण लिहायला येईना. दोनदा त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, सवयीने. तिने नजर वळवली.

अकरा चाळीस. काही नाही. तिने मेल गेला का ते पुन्हा पाहिलं. गेला होता. आता तिच्या मनात आलं, हाही ‘सवडीने’त पडला तर? बारापर्यंत उत्तर नाही आलं तर साहेब दुसऱ्या कुणाला तरी बर्नर पेटवायला लावतील. दीर नाही म्हणेल, आणि मग त्याचीही नोकरी जाईल. दोन पोरी. तिची चिठ्ठी त्याच्या खिशात, तिची सही हेडऑफिसात. आता परत घ्यायलाही काही नव्हतं.

अकरा पंचेचाळीसला फोन वाजला. साहेबांनी झडप घातली. “येस सर. ओके सर. नो सर, नॉट मी सर.” मग बराच वेळ नुसतंच “ओके ओके”. फोन ठेवून ते खुर्चीत बसले.

“चालू करायचा नाही म्हणाले,” ते कुणाकडेच न बघता म्हणाले. “कंत्राटाचा फिटर निघालाय. दोनपर्यंत येतो.”

“नाव सांगितलं का कुणी?”

“नाव कशाला सांगतील?”

फिटर दोनला आला. व्हॉल्व्ह उतरवायला त्याला हातोडीने ठोकावा लागला. आतली स्प्रिंग आणि बैठक गंजून आणि पाण्याच्या क्षाराने एकजीव झाली होती. त्याने ती फडक्यावर ठेवली आणि म्हणाला, “हा आठाला उघडला नसता, दहालाही नाही. याने उघडायचं सोडून दिलं होतं.” मग त्याने मागच्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, “पलीकडे काय आहे?”

धाकटी तिथेच उभी होती. तिने नवऱ्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याच्या मानेवरची काजळी पुसली, सगळ्यांदेखत, जोरात, शिक्षा केल्यासारखी.

नवा व्हॉल्व्ह बसला, माल सातला गेला. दुसऱ्या दिवशी हेडऑफिसचा मेल आला, थेट तिच्या नावाने. आपल्या मेलची भाषा उद्धट व शिस्तीला सोडून असल्याचं आढळलं आहे, तीन दिवसांत खुलासा करावा. खाली सही होती. नाव मात्र नव्हतं, नुसता हुद्दा.

“आता काय लिहिणार?” दिराने विचारलं.

“आता?” तिने बाह्या सरसावल्या. “आता सगळं.”

आणि तिने दोन पानं भरून लिहिलं. अत्यंत नम्रपणे, अंतःकरणापासून, पुन्हा पुन्हा क्षमा मागून, अनवधानाने, मनावर ताण असल्यामुळे, हात जोडून, अत्यंत आज्ञाधारक. एकही शब्द मागे ठेवला नाही. कुणाच्या जिवावर बेतलेलं नव्हतं, तेव्हा ते वाटायला हरकत नव्हती. उत्तर अठ्ठावीस दिवसांनी आलं: खुलासा स्वीकारला, पुढे काळजी घ्यावी. साहेबांनी मात्र त्यानंतर तिला स्वतःसाठी कधी मेल लिहायला सांगितला नाही.

वहीत तिने दोन्ही नोंदी केल्या. एकीपुढे ‘अठ्ठावीस दिवस’. दुसरीपुढे ‘एकोणीस मिनिटं’, आणि मापाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून एक आडवी रेघ.

चिठ्ठी तिने दिराकडे परत मागितली होती. उगाच कुणाच्या हाती लागायला नको.

“कुठली चिठ्ठी?” तो म्हणाला.

मग पुढच्या महिन्यात ती बॉयलरच्या खोलीत गेली तेव्हा तिला दिसली. हेडऑफिसच्या हुकुमाच्या त्याच खिळ्याला, त्याच्यावर, वाफेने जरा सुरकुतलेली. खालचा हुकूम वाचायचा तर आधी ती उचलावी लागत होती.